बॉयलरचं प्रेशर सारखं उतरतंय? आधी काटा वाचायला शिका

यूकेतल्या आपल्या लोकांकडे दरवर्षी दिवाळीच्या आसपास एक ठरलेला प्रकार होतो. घड्याळं तासभर मागे जातात, थंडी पडते, उन्हाळाभर बंद असलेलं हीटिंग पहिल्यांदा चालू केलं जातं आणि बॉयलर ढिम्म. स्क्रीनवर कुठलातरी कोड, व्हेलंट कंपनीचा असेल तर एफ २२, आयडियलच्या बऱ्याच मॉडेलांवर एफ १, बॅक्सीच्या काहींवर ई ११९, कोड वेगवेगळे पण रडगाणं एकच, आत पाणी कमी आहे. मग कोणीतरी सांगतं की बॉयलरखाली चंदेरी जाळीचा पाइप आहे त्याचा नळ फिरव, फिरवला, काटा वर आला, घर गरम झालं, विषय संपला. आठ दिवसांनी परत तेच, आणि हळूहळू दर रविवारी बॉयलरला पाणी पाजणं हे कचऱ्याचा बिन बाहेर काढण्यासारखं घरातलं एक काम होऊन बसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाणी भरणं ही दुरुस्ती नाही. काटा किती खाली आला यापेक्षा तो कधी वर जातो आणि कधी खाली येतो हे चार-पाच दिवस नीट बघितलं तर आजार कुठला आहे हे इंजिनिअर यायच्या आधी तुम्हालाच बऱ्यापैकी कळतं, आणि मग तो म्हणेल ते मुकाट ऐकून तीन हजार पाउंडांचा नवीन बॉयलर घ्यायची वेळ येत नाही.

आधी हे प्रेशर कसलं ते बघू, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. आपल्याला भारतातल्या गिझरची सवय, त्यात आलेलं पाणी तापतं आणि नळातून निघून जातं. इथल्या कॉम्बी बॉयलरमध्ये दोन वेगळी पाणी असतात. एक नळाचं, ते येतं, तापतं, शॉवरमधून जातं. दुसरं रेडिएटरचं, ते बंद पाइपात कोंडलेलं असतं आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पंपाच्या जोरावर गोल गोल फिरत राहतं. काटा दाखवतो तो या दुसऱ्या, कोंडलेल्या पाण्याचा दाब. शॉवरला धार बारीक येते म्हणून बॉयलरचं प्रेशर वाढवणारे लोक मी बघितलेत, त्याचा काही उपयोग नाही, तो विषयच वेगळा आहे. आणि हे पाणी खर्च होत नसल्यामुळे काटा सारखा उतरतोय म्हणजे एकतर पाणी कुठूनतरी बाहेर पडतंय किंवा (हे जास्त लोकांना माहीत नसतं) पाण्याला दाबून धरणारी हवा गेलीय.

आकडे सोपे आहेत. बॉयलर पूर्ण थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. हीटिंग चालू झाल्यावर तो वर जातो, २ च्या आसपास गेला तरी ठीक. अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली गेला की बहुतेक बॉयलर स्वतःहून बंद होतात, आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर फेकतो, अगदी कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखं, फक्त इथे शिट्टी वगैरे होत नाही, पाणी गुपचूप भिंतीबाहेर जातं. १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा दाब, दुमजली घराला तेवढा पुरेसा असतो. रीडिंग नेहमी थंड असतानाच घ्यायचं, सकाळी हीटिंग चालू व्हायच्या आधी. गरम असताना १.५ दिसलं म्हणून खूश होऊ नका, ते थंड झाल्यावर ०.६ असू शकतं.

पाणी भरायचं कसं हे थोडक्यात. बॉयलर बंद करा, थंड होऊ द्या, फिलिंग लूपचे, म्हणजे त्या बॉयलरखालच्या जाळीच्या पाइपाचे, नळ हळू उघडा (काही वॉर्सेस्टर मॉडेलांना प्लास्टिकची किल्ली लावून फिरवावी लागते), काटा १.२-१.३ ला आला की बंद करा. दोन नळ असतील तर दोन्ही घट्ट बंद करा आणि जमत असेल तर तो जाळीचा पाइप काढूनच ठेवा. इथल्या पाण्याच्या नियमांप्रमाणे भरून झाल्यावर तो जोडलेला ठेवायचा नसतो, पण निम्म्या घरांत तो वर्षानुवर्षं तसाच लटकलेला असतो. नळ जुना होऊन किंचित पास व्हायला लागला की मेन्सचं (बाहेरून घरात येणारं) पाणी थेंबथेंब आत येत राहतं, काटा आपोआप वर चढतो आणि ३ ला गेला की व्हॉल्व्हमधून बाहेर. मग माणूस म्हणतो आमचं प्रेशर वाढतंही आणि कमीही होतं, भुताटकी आहे. भुताटकी नाही, नळ पास होतोय.

आता मुख्य गोष्ट, एक्स्पान्शन व्हेसल. जुन्या बॉयलरच्या प्रेशरच्या तक्रारीत हा डबा फार वेळा निघतो आणि घरमालकाला त्याचं नावही माहीत नसतं. पाणी तापलं की फुगतं, १० डिग्रीवरून ७५ ला नेलं तर साधारण अडीच टक्के. ऐकायला काहीच नाही, पण घराच्या पाइपात आणि रेडिएटरमध्ये मिळून समजा ६० लिटर पाणी आहे तर दीड लिटर जास्तीचं झालं, आणि पाणी काही दाबलं जात नाही, ते जाणार कुठे? म्हणून बॉयलरच्या आत (बहुतेक वेळा मागच्या बाजूला) एक पत्र्याचा डबा असतो, ८ लिटरच्या आसपासचा, मध्ये रबराचा पडदा, पडद्याच्या एका बाजूला सिस्टिमचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला पाऊण ते एक बार दाबाने भरलेली हवा किंवा नायट्रोजन. पाणी फुगलं की पडदा हवेकडे सरकतो, हवा दाबली जाते, थंड झालं की हवा पाण्याला परत ढकलते. म्हणजे काट्यावर जो दाब दिसतो तो टिकवून ठेवायचं काम खरं तर ती हवा करत असते.

गाडीच्या टायरमधली हवा जशी न वापरताही कमी होते तशीच यातलीही वर्षानुवर्षं हळूहळू जाते, व्हॉल्व्हसुद्धा अगदी टायरचाच असतो. सर्व्हिसिंगला येणाऱ्याने ती तपासायला हवी, सगळे तपासतात असं नाही. हवा गेली की काय होतं बघा. थंड असताना तुम्ही १.२ ला भरलंत, हीटिंग चालू झालं, दीड लिटर पाणी फुगलं, जागा नाही, काटा सरळ ३ वर, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला, फुगलेलं पाणी बाहेर. रात्री हीटिंग बंद, पाणी आकसलं, आता मुळातच पाणी कमी, काटा शून्याजवळ. सकाळी कोड. तुम्ही परत भरलंत. परत तेच. यात घरात कुठेही गळती नाही, भिंत ओली नाही, कारपेट कोरडं, आणि माणूस दोन-दोन महिने लॅमिनेट उचकून पाइप शोधत बसतो.

हवा शाबूत असताना आणि नसताना गळतीही वेगळी दिसते. चांगल्या ८ लिटरच्या व्हेसलवर काटा १.५ वरून १ ला यायला लिटर-दीड लिटर पाणी जावं लागतं, म्हणजे बारीक थेंब गळत असेल तर कित्येक दिवस लागतील. हवा गेलेली असेल तर एखादा कप पाणी गेलं तरी काटा धाडकन खाली. त्यामुळे फक्त किती वेगात उतरतं यावरून गळती मोठी की छोटी हे ठरवू नका.

म्हणून काट्याची वही करा, म्हणजे मोबाइलवर फोटो काढा, सकाळी थंड असताना एक आणि हीटिंग तासभर चालल्यावर एक, चार-पाच दिवस. थंड १.२ आणि गरम झाल्यावर २.७, २.८ किंवा ३ ला टेकतोय तर व्हेसलवर संशय घ्या. गरम झाल्यावर १.७-१.८, थंड झाल्यावर आधीपेक्षा थोडं कमी, रोज थोडं थोडं, तर व्हेसल बरा आहे आणि पाणी कुठेतरी गळतंय. हीटिंग लावलंच नाही, नळही वापरला नाही आणि तरी काटा वर चढतोय तर फिलिंग लूप, किंवा नळाचं पाणी तापवणाऱ्या प्लेटच्या आत बारीक भोक पडून मेन्सचं पाणी रेडिएटरच्या पाण्यात शिरतंय. या प्रकारात प्रेशर कमी व्हायच्या ऐवजी वाढतं कारण मेन्सचा दाब बहुतेक वेळा हीटिंगच्या दाबापेक्षा जास्त असतो.

सोबत अजून एक फुकटची टेस्ट. बॉयलर जिथे टांगलाय तिथून भिंतीबाहेर एक बारीक तांब्याचा पाइप निघतो, १५ मिलिमीटरचा, टोक बहुतेक भिंतीकडे वळवलेलं. तो सेफ्टी व्हॉल्व्हचा. त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधा आणि एक दिवस ठेवा. पिशवीत पाणी आलं तर गळती घरात शोधायची गरजच नाही. फक्त तो पाइप आणि कंडेन्सेटचा (धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी बाहेर नेणारा) पांढरा प्लास्टिक पाइप यांची गल्लत करू नका, कंडेन्सेटमधून बॉयलर चालू असताना पाणी येणारच, ते नॉर्मल आहे.

पिशवीत पाणी सापडलं की बरेच जण (आणि काही प्लंबरसुद्धा) फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह बदलून मोकळे होतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. व्हॉल्व्ह बिचारा त्याचं काम करत होता, दाब ३ ला का गेला हे कोणी विचारलंच नाही, मग नवीन व्हॉल्व्हही थोड्याच दिवसांत गळायला लागतो. उलट चूकही होते, व्हेसलमध्ये हवा भरली पण जुना व्हॉल्व्ह तसाच ठेवला. हे व्हॉल्व्ह एकदा उघडले की सीटवर, म्हणजे झाकण टेकतं त्या जागी, कचरा अडकून परत नीट बसत नाहीत, मग १ बारलासुद्धा ठिबकत राहतात. म्हणून इंजिनिअरला विचारा, व्हेसल चेक केला का, आणि हवा भरण्याआधी बॉयलरमधलं पाण्याचं प्रेशर शून्यावर आणलं होतं का. पाण्याचा दाब असताना हवेचं रीडिंग घेतलं तर ते खोटं येतं, कारण गेजवर पाण्याचाच दाब दिसतो. आणि टायरसारख्या त्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटलाय, मग हवा भरून उपयोग नाही, डबाच बदलायचा. आतला काढणं कटकटीचं असेल तर बाहेर रिटर्नच्या (रेडिएटरकडून परत येणाऱ्या) पाइपवर वेगळा व्हेसल जोडतात, तेही चालतं, आणि रेडिएटर वाढवलेल्या मोठ्या घरात तर बॉयलरमधला एकटा पुरतच नाही.

आता गळतीकडे येऊ. घरात की बॉयलरमध्ये हे ओळखायला रात्रीची टेस्ट करतात. बॉयलरखाली रेडिएटरकडे जाणारा आणि परत येणारा असे दोन जाडे पाइप असतात, बहुतेकांना तिथे बंद करायचे व्हॉल्व्ह असतात. बॉयलर पूर्ण बंद करून, थंड झाल्यावर ते दोन्ही बंद करा, काट्याचा फोटो घ्या, झोपा. सकाळी काटा उतरलेला असेल तर पाणी बॉयलरमधूनच जातंय. काटा जागेवर असेल आणि व्हॉल्व्ह उघडल्या उघडल्या खाली आला तर गळती घरातल्या पाइपात किंवा रेडिएटरवर. व्हॉल्व्ह बंद असताना बॉयलर चुकूनही चालू करायचा नाही, आणि वीस वर्षांत कधी न फिरवलेले व्हॉल्व्ह जाम झालेले असतात, जोर लावला तर तिथेच नवी गळती, त्यामुळे फिरत नसतील तर सोडून द्या.

घरातली गळती शोधताना लोक पाण्याचं डबकं शोधतात आणि ते सापडत नाही, कारण रेडिएटर गरम असताना थेंब तिथल्या तिथे सुकतो. थंड असताना शोधा. टिश्यू पेपर घ्या आणि प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या व्हॉल्व्हभोवती गुंडाळून बघा, दांडी जिथून बाहेर येते तिथे आणि नटाखाली. हिरवट-पांढरा खार किंवा तपकिरी ओघळ दिसला की सापडलं. दांडीभोवतीची गळती पुष्कळदा वरचा छोटा नट पाव वळसा आवळला तरी थांबते. आणि हो, रेडिएटरमधली हवा काढल्यावर काटा थोडा उतरतो, ती गळती नव्हे.

जुन्या घरांची एक गंमत आहे. पूर्वी बहुतेक घरांत लॉफ्टमध्ये छोटी पाण्याची टाकी असायची आणि रेडिएटरचं पाणी त्या टाकीच्या उंचीवर चालायचं, अर्धा बार वगैरे. कुठे गळलं तरी टाकीतला बॉलकॉक गुपचूप भरून काढायचा, काटाच नसल्यामुळे कोणाला पत्ता लागायचा नाही. नंतर एप्रिल २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये नवीन गॅस बॉयलर जवळपास सगळे कंडेन्सिंगच (धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणारे) बसवायचे असा नियम आला, लोकांनी टाक्या काढून कॉम्बी बसवले, आणि चाळीस वर्षं अर्ध्या बारवर निवांत असलेल्या जुन्या जोडांवर अचानक दीड-दोन बार आले. त्यामुळे कॉम्बी बसवल्यापासूनच प्रेशर टिकत नसेल तर दोष बॉयलरचा नसून जोडांचा असण्याची शक्यता जास्त. साठ-सत्तरच्या दशकांतल्या काही घरांत तांब्याचे पाइप थेट तळमजल्याच्या काँक्रीटमध्ये गाडलेत, काँक्रीट लागून तांबं कुजतं, ही सगळ्यात वाईट केस. अशा वेळी फरशीवर एखादीच जागा विनाकारण कोमट लागते का ते अनवाणी चालून बघा. फोडाफोड करायच्या आधी थर्मल कॅमेरावाल्याला बोलवा आणि होम इन्शुरन्समध्ये गळती शोधायचा खर्च येतो का तेही वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसींमध्ये असतो.

बॉयलरमधून जात असेल आणि पिशवी कोरडी असेल तर मुख्य हीट एक्स्चेंजरला (गॅसच्या ज्वाळेवर रेडिएटरचं पाणी तापवणारा भाग) तडा असू शकतो, ते पाणी कंडेन्सेटच्या पाइपमधून निघून जातं म्हणून दिसत नाही. ओळख अशी की बॉयलर रात्रभर बंद आणि थंड, तरी कंडेन्सेटमधून टिपटिप चालूच. बारा-पंधरा वर्षं जुन्या बॉयलरला हे झालं असेल तर मी पैसे घालणार नाही, नवीन घेईन. पण व्हेसल, सेफ्टी व्हॉल्व्ह, हवा निघायचा छोटा ऑटोमॅटिक व्हेंट, पंपाचा सील यातलं काही असेल तर बॉयलर जुना आहे एवढ्यावर तो फेकून देऊ नका, कोणी तसं म्हणालं तर दुसऱ्याचं मत घ्या.

दर रविवारी भरत राहिलं तर बिघडतं काय? बिघडतं. बंद सिस्टिममधल्या जुन्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो म्हणून आतलं लोखंड टिकतं. प्रत्येक वेळी ताजं पाणी म्हणजे ताजा ऑक्सिजन, रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ तयार होतो, तो पंपात आणि हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसतो, रेडिएटर वर गरम आणि खाली मध्यभागी थंड राहतो. शिवाय पाण्यात घातलेलं गंजरोधक केमिकल, सेंटिनल एक्स १०० वगैरे, दर वेळी पातळ होतं. म्हणजे गळती तीस पाउंडांची असते आणि न बघितल्यामुळे ती पंप आणि एक्स्चेंजरपर्यंत जाते. बाजारात गळती बंद करणारं लिक्विड मिळतं, अगदी बारीक गळतीला कधी कधी ते चालतंही, पण मी ते शेवटचा उपाय म्हणून ठेवेन, व्हेसलमधली हवा गेली असेल तर त्याचा शून्य उपयोग आणि गाळाने भरलेल्या सिस्टिममध्ये अजून एक चिकट गोष्ट कशाला.

हात कुठपर्यंत घालायचा? काटा बघणं, पाणी भरणं, रेडिएटरची हवा काढणं, नट आवळणं, पिशवी बांधणं हे कोणीही करावं. बॉयलरचं पुढचं कव्हर उघडायचं नाही, बऱ्याच मॉडेलांत ते कव्हर धूर घरात येऊ न देणाऱ्या सीलचाच भाग असतं. तिथे गॅस सेफ रजिस्टरवरचाच (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) माणूस हवा, त्याचं ओळखपत्र मागायला लाजू नका, मागच्या बाजूला तो कुठल्या कामासाठी पात्र आहे ते लिहिलेलं असतं. रेडिएटर आणि पाइपांच्या कामाला मात्र साधा प्लंबर चालतो, बहुतेक वेळा स्वस्तही पडतो. गॅसचा वास आला तर प्रेशर-बिशर सोडा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा.

भाड्याच्या घरात असाल तर इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं १९८५ च्या कायद्याने लँडलॉर्डची जबाबदारी आहे. एजंट फोनवर नुसतं टॉप-अप करा म्हणतो तेव्हा तारखेसकट काट्याचे फोटो ईमेलने पाठवा, तोंडी तक्रारीपेक्षा त्याला उत्तर देणं भाग पडतं.

डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जाणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगतो. प्रेशर उतरणारा बॉयलर तसाच मागे सोडून जाऊ नका, म्हणजे तो दुरुस्त करूनच निघा, कारण तुम्ही पुण्यात असताना काटा शून्यावर आला की बॉयलर बंद पडणार आणि कडाक्याची थंडी पडली तर गोठून फुटणारा पाइप नळाचासुद्धा असू शकतो. दुरुस्ती जमलीच नाही तर घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य नळ, बहुतेक घरांत किचन सिंकखाली असतो, तो बंद करून जा, थर्मोस्टॅट १०-१२ वर ठेवा, आणि किल्ली शेजाऱ्याकडे देताना पाणी कसं भरायचं हे आधी त्याला मुख्य नळ उघडून, भरून, परत बंद करून दाखवा. फिलिंग लूपला पाणी त्याच नळातून येतं आणि हे सांगायचं राहिलं तर तो बिचारा अर्धा तास कोरडा नळ फिरवत बसेल.